आईच्या आवाजात

४ फेब्रुवारी

आज फोनवर मी आई झाले. मुद्दाम नाही केलं, हे आधी लिहून ठेवते.

आई शाळा मंडळाच्या निवडणुकीला उभी आहे. शहरातल्या सरकारी शाळांचे नळ, बाकं, शिक्षकांच्या बदल्या, सगळं हे मंडळ ठरवतं. एरवी तिथे कोण निवडून येतं ते कुणाला माहीत नसतं. पण आईला सगळे म्हणाले की तुम्ही उभ्या राहा, तुमचा आवाज चांगला आहे. आहेच. ती दातांच्या डॉक्टरांकडे फोनवर असते. दाढ ठणकणाऱ्या माणसाला तिच्याशी नुसतं बोलून निम्मं बरं वाटतं, असं डॉक्टर स्वतःच सांगतात. माझा आवाज अगदी तिच्यासारखा आहे. मी तो वापरत नाही एवढंच.

भाषणं करून आईचा घसा बसलाय. ती आत गुळण्या करत होती आणि इकडे फोन थांबायचं नाव घेईना. बाबा चष्म्यांच्या दुकानात, धाकटा भाऊ बाहेर. शेवटी उचलला. "आईला देते" एवढं एक वाक्य मी फोनसाठी पाठ करून ठेवलंय. तेही म्हणता येईना, कारण पलीकडच्या बाई सुटल्याच होत्या. "ताई, कालचं भाषण ऐकलं हो तुमचं, अगदी मनातलं बोललात, पण आमच्या शाळेच्या नळाचं काय करणार ते सांगा आधी."

मी म्हणाले, "नळाचं मी बघते. तुमची मुलं कितवीत आहेत?"

कुठून आलं ते कळलं नाही. मला साधं वाण्याकडे साबण मागता येत नाही. पण आई म्हणून बोलायला लागल्यावर जीभ अडखळलीच नाही. त्या बाई खूश होऊन गेल्या. मी वळून बघते तर दारात टायरवाले काका. बाबांचे धाकटे भाऊ, टायरचं दुकान आहे, आणि आता आईची निवडणूकही तेच चालवतात.

काका आत बघून म्हणाले, "वहिनी, घसा शोधताय ना? इथे खुर्चीत बसलाय बघा."

वाटलं, आई रागावणार. ती टॉवेलनं तोंड पुसत उभी राहिली. बोलता येत नव्हतं, म्हणून फोनकडे बोट दाखवलं. परत वाजत होता. मग माझ्याकडे बोट दाखवलं.

११ फेब्रुवारी

या आठवड्यात शाळेत गेले नाही. सकाळी आठपासून फोन. काका नंबर देतात, मी लावते. "नमस्कार, मी बोलतेय" म्हटलं की पुढे कोण ते सांगावंच लागत नाही.

आईचा घसा आता बरा आहे. पण ती सभांना जाते, मी फोनवर असते. काका म्हणतात, एका वहिनीत दोन वहिनी, विरोधकांना कळत नाहीये बाई जेवते कधी.

बाबा म्हणाले, "पोरीची शाळा?"

आई म्हणाली, "एवढी निवडणूक होऊ दे."

खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. पुढच्या सोमवारी तोंडी परीक्षा होती.

२३ फेब्रुवारी

आई निवडून आली. घरात माणसंच माणसं. मी कपाटाच्या आणि भिंतीच्या मधे उभी राहून सगळं बघितलं. एक आजोबा आईला सांगत होते, "तुम्ही फोनवर माझ्या गुडघ्याची चौकशी केलीत ना, तेव्हाच ठरवलं मी." आईनं त्यांच्या गुडघ्याकडे बघितलं. ती म्हणाली, "आता कसा आहे?"

चुकीच्या गुडघ्याकडे बघत होती. डावा दुखतो त्यांचा.

१५ जून

शाळा सुरू झाल्या. आई मंडळाची सदस्य म्हणून तीन शाळांत जाऊन आली, मुलांना पेन्सिली वाटल्या. मी घरी.

वर्गशिक्षिकेनं दोनदा निरोप पाठवला होता. आई म्हणाली, "या वर्षी राहू दे बाळा, तुलाही तिथे त्रासच होतो ना? पुढच्या वर्षी बघू. घरी कर अभ्यास." लोकांना सांगायचं ठरलंय की माझी तब्येत नाजूक आहे आणि मी घरून शिकते.

आणखी एक ठरलंय. घरात बाहेरचं कुणी असताना मी बोलायचं नाही. काका म्हणाले, "तू तोंड उघडलंस की दुकान बंद." धाकटा मला मुकी म्हणायला लागलाय. मी त्याला धपाटा घातला, पण न बोलता, म्हणून तो आणखीच हसला.

माझ्यासारख्या मुलीला हे अवघड जायला नको. पण आज पाणी घेऊन बाहेर गेले तर एक बाई आईला हळूच म्हणाल्या, "जन्मापासून का?" आणि आईनं नुसता सुस्कारा सोडला. हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. मी ट्रे घेऊन आत आले आणि उगाच धुतलेले पेले परत धुतले.

६ ऑगस्ट

आईनं मंडळात नवीन मोहीम आणली आहे. शाळा सोडलेल्या मुलांच्या घरी स्वतः फोन करायचा आणि त्यांना परत आणायचं. पेपरात फोटो आला. "एकही मूल शाळेबाहेर राहणार नाही." फोन अर्थात मीच करते.

आज एका घरी लावला तर वडिलांनी उचलला. त्यांचं घरी बटणं लावायचं काम असतं. शर्टांच्या कारखान्यातून गठ्ठे येतात, ते बटणं लावून परत पाठवायचे. मुलगी सहावीनंतर काढून कामाला बसवली आहे.

"ताई, तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले, "पण तिचा हात माझ्यापेक्षा भरभर चालतो."

मी म्हणाले, "हात भरभर चालतो म्हणजे डोकंही चालत असणार. वाया का घालवता? शाळा जवळ आहे, दुपारी सुटते. संध्याकाळी बसेल की कामाला."

"तिला पटलं तर बघतो. तुम्हीच बोला तिच्याशी."

मुलगी फोनवर आली. काही बोलेना. नुसता श्वास. हा श्वास मला ओळखीचा आहे, मी असाच घेते.

मी विचारलं, "भीती वाटते का वर्गात?"

"हं."

"मलाही वाटायची. बाई प्रश्न विचारायला लागल्या की बुटाच्या आत पायाची बोटं मोजायची. एका पायाची मोजून झाली की दुसऱ्याची. तोवर बाई पुढच्या बाकावर जातात."

ती हसली. मग म्हणाली, "आणि परत आल्या तर?"

"परत मोजायची. बोटं काय पळून जातात?"

फोन ठेवल्यावर कसंतरीच झालं. मी काही खोटं बोलले नव्हते. म्हणजे सगळंच खोटं होतं, पण बोटांचं खरं होतं.

२७ ऑगस्ट

बटणवाली शाळेत जायला लागली. आज तिनं स्वतःहून फोन केला. "बाई, मी बोलतेय. कामात होता का?"

काल सात पूर्णांक तीन चतुर्थांशवर अडली होती. मी समजावलं. वाटेल तेवढा वेळ होता माझ्याकडे. ती म्हणाली, "तुम्ही एवढ्या मोठ्या, आणि मला गणित शिकवता."

मला खूप बरं वाटलं. आणि लगेच लाज वाटली. दोन्ही एकाच वेळी कसं वाटतं माहीत नाही, पण वाटतं.

३ मार्च

खूप दिवसांनी लिहितेय. मधे दीड वर्ष गेलं. आई नगरपालिकेत गेली, आणि आता विधानसभेची पोटनिवडणूक लागली आहे, इथले आमदार वारले म्हणून. तिकीट आईला. दातांच्या डॉक्टरांकडची नोकरी कधीच सुटली.

माझी "पुढच्या वर्षीची" शाळा झाली नाही. आता तो विषयच निघत नाही. बाबा कधीतरी दुकानातून जुनी मासिकं आणून माझ्या उशीजवळ ठेवतात. बोलत नाहीत. या घरात न बोलणारी मी एकटीच नाही.

बटणवाली आता आठवीत आहे. दर रविवारी दुपारी तिचा फोन येतो. मैत्रिणींचं सांगते, बापाचं सांगते, वर्गातल्या एका मुलाचंही सांगितलं आणि म्हणाली, "तुम्ही ओरडाल." मी ओरडले थोडंसं, आईच्या वयाचं वाटावं म्हणून. नंतर आम्ही दोघी हसलो.

ती माझी मैत्रीण आहे. ती मला पंचेचाळीस वर्षांची समजते.

१० मार्च

काकांना तिचं कळलं. त्यांच्या डोळ्यांत एकदम दिवेच लागले. "वहिनी, ही पोर स्टेजवर पाहिजे. एका फोननं शाळेत परत आली, आणखी काय हवं?"

मी म्हणाले, "तिला नका आणू."

काका म्हणाले, "का गं? तुझी पाळीव आहे का?"

आज ती आणि तिचे वडील घरी आले. काकांनी आईला आधी सगळं पढवून ठेवलं होतं. नाव, इयत्ता, बटणं. मी स्वयंपाकघराच्या दारामागे. मला वाटलं होतं ती उंच असेल. नाहीये. केस तेल लावून घट्ट बांधलेले, आणि बोटांना सुईनं टोचल्याचे ठिपके.

आईनं तिला जवळ घेतलं. बटणवालीचा चेहरा असा खुलला की मला बघवेना.

"बाई," ती म्हणाली, "अजून मी बोटं मोजते."

आईला काही कळलं नाही. मी बघत होते, म्हणून मला दिसलं. अर्धा क्षण. मग ती हसली आणि म्हणाली, "मोजायचीच. हिशेब पक्का हवा."

बटणवालीनं आईच्या तोंडाकडे बघितलं. हातांची बोटं मुठीत घेतली. मग तिला वाटलं असणार की बाईंच्या डोक्यात हजार कामं, विसरल्या. तीच समजूतदारपणे मान हलवत राहिली.

मला पाणी घेऊन जायला सांगितलं. तिनं पेला घेताना विचारलं, "तू कितवीत?"

मी उभीच. आई म्हणाली, "ती बोलत नाही गं."

"अच्छा," ती म्हणाली, आणि माझ्या हातावर हात ठेवून थोडा दाबला. जसा आजाऱ्याचा दाबतात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१४ मार्च

रविवार. फोन आला.

"बाई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार."

"तुमच्या मुलीला अजिबात बोलता येत नाही का? अशा मुलांची वेगळी शाळा असते म्हणे. तुम्हाला तर सगळं माहीत असेल."

मी म्हणाले, "ती ठीक आहे घरी."

"तिला मैत्रीण आहे का कुणी?"

मी म्हणाले, "एक आहे."

"मग बरंय," ती म्हणाली. "एक असली तरी पुरते."

मग ती गणितावर आली. मला आकडे दिसेनात. म्हटलं, पाहुणे आलेत, नंतर बोलू.

१९ मार्च

सभेत आईनं पायाच्या बोटांची गोष्ट सांगितली. आईनं मला परवा विचारून घेतली होती, सगळी, बुटासकट. "मी लहानपणी अशी घाबरट होते की..." लोक हसले, मग टाळ्या वाजवल्या. बटणवाली स्टेजवर तिच्या शेजारी बसली होती, नव्या फ्रॉकमध्ये. मी मागे, जिथे खुर्च्या रचून ठेवतात तिथे.

आई लहानपणी घाबरट नव्हती. मावशी सांगते, वर्गात हिला गप्प बसवायला दोन शिक्षक लागायचे.

घरी आल्यावर आईनं माझ्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "तू माझ्यापेक्षा चांगली मी आहेस."

तिला ते कौतुकच वाटत होतं. मीही हसले. पलंगावर पडल्यापासून तेच वाक्य डोक्यात फिरतंय आणि त्यात माझी जागा सापडत नाहीये.

२ ऑक्टोबर

आई विधानसभेत जाऊन काही महिने झाले. आज पेपरात आलं की ज्या शाळांत मुलं कमी, त्या बंद करून मोठ्या शाळेला जोडणार. बटणवालीची शाळा त्यात आहे. मोठी शाळा हायवेच्या पलीकडे.

तिनं गेल्या महिन्यातच विचारलं होतं, "बाई, आमची शाळा बंद होणार म्हणतात." मी म्हणाले होते, "मी असताना? काहीतरीच."

आई राजधानीहून आली तशी मी तिला गाठलं. ती पाय सोडून बसली होती, टाचांना भेगा.

मी म्हणाले, "तू बाजूनं मत दिलंस?"

"पक्षानं सांगितल्यावर द्यावं लागतं बाळा. आणि चुकीचंही नाही. वीस मुलांना एक शाळा परवडत नाही."

"पण तिला सांगितलंय की बंद होणार नाही."

"कुणी सांगितलं?"

"तू."

"मी कधी सांगितलं?"

"फोनवर."

आई टाचेला मलम लावत होती, ते लावत राहिली. मग म्हणाली, "असलं काही बोलायच्या आधी मला विचारायचं ना."

"तू घरी कधी असतेस?"

"आता तूच सांग तिला काहीतरी. तुला जमतं."

तिचा आवाज थकलेला होता. भांडायचं राहून गेलं माझं. मी तिला चहा करून दिला.

५ ऑक्टोबर

काका म्हणाले, बस देणार म्हणून सांग. मी विचारलं, खरंच देणार? ते म्हणाले, "सांगायला काय जातंय? देणारच नाही असं कुठे आहे?"

मी सांगितलं. बटणवाली म्हणाली, "तुम्ही म्हणताय म्हणजे येईलच."

मी हे सगळं नीट आवाजात बोलले. तेच लाजिरवाणं आहे. थरथरला असता तर तिला संशय तरी आला असता.

२१ जानेवारी

बस आली नाही. तिच्या वडिलांचा फोन आला. "ताई, हायवे ओलांडून मी पोर पाठवणार नाही. मागच्याच महिन्यात तिथे एक जण गेला. मला तिच्याशिवाय दुसरं कुणी नाही."

मी म्हणाले, "थोडे दिवस थांबा."

"थांबलोच आहे. ती बसलीय इथे बटणं लावत. बोलायचंय का तिच्याशी?"

मी म्हणाले, मीटिंग आहे.

घरात मी एकटीच होते. धाकट्याचे मोजे वाळत घालायचे राहिले होते, ती माझी मीटिंग.

१८ मे

आई संसदेची निवडणूक जिंकली. मोठ्या फरकानं. टीव्हीवर तिला "शाळांची ताई" म्हणतात. शिक्षण खात्यात तिला राज्यमंत्री करणार अशी बातमी आहे. म्हणजे आता देशातल्या सगळ्या शाळा.

या वेळी मी फोन केले नाहीत असं लिहायला आवडलं असतं. केले. शिवाय काकांनी माझं रेकॉर्डिंग केलं आणि ते मशीननं लाखो घरांत वाजलं. "नमस्कार, मी बोलतेय. तुमची मुलं कशी आहेत?" समोरच्या इमारतीतल्या आजींच्या घरीही वाजलं. खिडकीतून मला माझाच आवाज आला, मुलांची चौकशी करताना.

बाबा पेढे वाटतात तसे हसत सगळ्यांशी हात मिळवत होते. मधेच आत आले, माझ्याजवळ उभे राहिले आणि म्हणाले, "आता तरी..." तेवढ्यात त्यांना कुणी हाक मारली.

२३ मे

रविवार नव्हता, तरी बटणवालीचा फोन आला. किती महिन्यांनी.

"अभिनंदन बाई."

"थँक्यू."

"आता तुम्ही मंत्री होणार. आता बस होईल ना? एक छोटी असली तरी चालेल. आम्ही अकराजणी आहोत घरी बसलेल्या."

आई शेजारच्या खोलीत होती, शिंप्याला शपथविधीच्या कपड्यांचं माप देत. काका बाहेर पत्रकारांबरोबर. मी दार लावलं. ठरवलं नव्हतं. तोंडातूनच निघालं.

"ऐक, मी बाई नाही."

"काय?"

"मी तिची मुलगी आहे. पाणी घेऊन आले होते ती. पहिल्यापासून मीच बोलतेय तुझ्याशी. बसचं मला काकांनी सांगायला सांगितलं. मला माहीत नव्हतं. म्हणजे, माहीत होतं थोडं."

ती हळू बोलायला लागली, आणि मी तिला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"बाबा म्हणत होते, निवडून आल्यावर ओळख विसरतात. पण 'मीच ती नाही' असं सांगतात हे त्यांनाही माहीत नसेल."

"अगं, खरंच सांगतेय."

"तुमचा आवाज ओळखत नाही का मी? इतकी वर्षं ऐकतेय. आणि त्या बिचाऱ्या मुक्या मुलीचं नाव घेता? स्वतःच्या मुलीचं?"

"मला बोलता येतं. हे बघ, बोलतेय ना."

"बस द्यायची नव्हती तर नाही म्हणायचं, बाई. मी काही भांडले नसते."

तिनं फोन ठेवला. मी परत लावला, तिनं घेतला नाही.

एकदाच खरं बोलले, आणि ते सगळ्यात खोटं वाटलं तिला. तेही आईच्या नावावर गेलं.

आई दारात आली, खांद्यावर मापाची टेप तशीच. "कोण होतं?"

मी म्हणाले, "अभिनंदनाचा."

३० मे

आई, काका, बाबा, धाकटा, सगळे शपथविधीला राजधानीला गेले. मला न्यायचं होतं, पण पत्रकार प्रश्न विचारतील म्हणून राहू दे म्हणाले. मी टीव्ही लावला नाही. बटणवालीच्या घरी गेले.

पत्ता विचारावा लागला. फळवाल्याला विचारलं, मोठ्यानं, माझं मलाच नवल वाटलं. तो म्हणाला, "आवाज ओळखीचा वाटतो हो तुमचा." मी पुढे पळाले.

एकच खोली. दार उघडं होतं. शर्टांचा गठ्ठा, आणि ती जमिनीवर भिंतीला टेकून. मला बघून ओळखलं आणि पटकन बाजूला सरकून जागा केली. हातानं खूण केली, बस. ओठ मोठे हलवत, सावकाश म्हणाली, "एकटी आलीस?"

मी म्हणाले, "हो. एकटीच."

तिचा हात शर्टावर थांबला. तिनं आधी माझ्या मागे बघितलं, दाराबाहेर. आई तिथे उभी असेल असं वाटलं असणार. ती उठायलाही लागली होती. मग माझ्या तोंडाकडे बघितलं.

"परत बोल."

"काय बोलू?"

ती खाली बसली. माझ्या गळ्याकडे बघत राहिली.

"गणित कोण शिकवायचं?"

"मी."

"त्या मुलाचं सांगितलं होतं, ते?"

"मलाच."

"आणि मी घरी आले तेव्हा तू..." ती थांबली. "मी तुझा हात धरला होता."

मला मान वर करता येईना. पायाशी एक बटण पडलं होतं, तेच बघत बसले. ती काहीतरी फेकून मारेल असं वाटलं, मारलं असतं तर बरं झालं असतं.

मी जे ठरवून आले होते ते बोलून टाकलं. की मी रोज सकाळी येईन. त्यांना सगळ्यांना हायवे ओलांडून द्यायला, अकराही जणींना, आणि सुटल्यावर परत आणायला. तिचे वडील म्हणतील तर मी त्यांच्याशी बोलेन, समोर उभी राहून.

"आणि मधे? आम्ही वर्गात असताना तू काय करणार?"

"थांबेन बाहेर. फाटकापाशी."

"फाटकापाशी," ती म्हणाली. तिनं शर्ट परत मांडीवर घेतला, पण सुई घातली नाही. "तू स्वतः कितवी शिकलीस?"

"नववी. पूर्ण नाही."

ती हसली, पण ते हसू आमच्या रविवारचं नव्हतं. "आणि मला सांगत होतीस, शाळा सोडू नको."

मी पायाशी पडलेलं बटण उचलून तिच्यापुढे ठेवलं.

"किती घरी केलेस तसे फोन?"

"मोजले नाहीत. खूप."

"सगळ्या शाळा सोडलेल्यांच्या घरी?"

"हो."

मग तिनं माझ्याकडे नीट बघितलं, पहिल्यांदाच, रागावून नाही आणि मुक्या मुलीकडे बघतात तसंही नाही.

"आणि तुमच्या घरी? तुला नाही केला कुणी?"

मी म्हणाले, "आमच्या घरचे फोन मीच घेते."